कादंबरीत मेलेल्यांचा घास

रविवार, २२ सप्टेंबर. वाचक मंडळाची मासिक बैठक, वाचनालयाची मागची खोली. हजर: ग्रंथपाल, इंजिनिअरकाका, डॉक्टरीणबाई आणि मी, चिटणीस. गैरहजर: कुणी नाही. चहाचे चार कप सांगितले होते, पोऱ्यानं सवयीनं पाच आणले. पाचवा इंजिनिअरकाकांनी परत पाठवला.

आजचा ठराव एकच. बाईंबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं. सूचक डॉक्टरीणबाई, अनुमोदक बाकीचे दोघं. कुणीतरी म्हणजे मी, हे सांगायला नको. सतरंज्या झटकण्यापासून इतिवृत्तापर्यंत या मंडळात जे जे ‘कुणीतरी’ करायचं असतं ते मीच करते. तेव्हा आजच लिहायला बसले आहे. पितृपक्ष चालू आहे. बाई गेल्या त्याला दीड वर्ष होत आलं.

बाई आमच्या सर्वांत जुन्या सभासद. सोलापूरच्या भवानी पेठेत मागवाल्यांच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. माहेर सीमेवरच्या मैंदर्गीचं, त्यामुळे फार चिडल्या की कानडी. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे ट्रंक कॉल जोडून देण्याची; कॉल तीन मिनिटांचा, पुढं बोलायचं तर वेळ वाढवून मागायची. ती यंत्रं भंगारात गेली, बाई निवृत्त झाल्या, आवाज मात्र मागं राहिला. खरं म्हणजे त्यांना दोन आवाज होते. एक घरचा, ‘व्हय की’, ‘कुटं गेलतीस?’ असा. दुसरा एक्स्चेंजचा. स्वच्छ, सपाट, लांबून तारेवरून आल्यासारखा. पुस्तकावर बोलायला उभ्या राहिल्या की सुरुवातीची दोन वाक्यं एक्स्चेंजच्या आवाजात यायची, पुढं राग चढेल तसा घरचा आवाज. आणि तीन मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी खाली बसायच्या.

“बाई, पूर्ण तरी करा,” डॉक्टरीणबाई विनवायच्या.

“तीन मिनिटं झाली.”

“पण पुढं त्या वकिलाचं काय झालं?”

“वेळ वाडवून मागायची असती. तुमी मागितली न्हाय. लाईन कट.”

वाचायच्या फक्त दोन प्रकार, रहस्यकथा आणि ऐतिहासिक. कौटुंबिक कादंबरी दिली तर दुसऱ्या दिवशी परत. “ह्यात कुणी मरत न्हाय. नुसतं कुढत्यात.” आणि गंमत म्हणजे एवढ्या रहस्यकथा वाचून खुनी कोण, यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांचं लक्ष मेलेल्याकडे. पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये घडणारी, एके वर्षी फार गाजलेली एक कादंबरी होती. आम्ही सगळे तिच्या शेवटावर खूश. बाई उभ्या राहिल्या.

“भाषा बरी आहे. वेग चांगला आहे,” एक्स्चेंज म्हणाला. मग घरचा आवाज आला. “पर मला सांगा, नवरा मेला. पोलिसांनी फोटो काढले, बॉडी नेली. आन् फुडच्या पानावर बायको इन्स्पेक्टरला कॉफी करून देतीय. सुतक न्हाय? आसल्या घरात चूल तरी पेटती का? बरं ते जाऊ द्या. शंबर पानं झाली, तो बिचारा अजून शवागारातच हाय. त्याला आणायला कोण गेलं? आणला की न्हाय? लेखक इसरला! मानूस मारायची घाई, उचलायला कुणी न्हाय.”

“बाई, ही रहस्यकथा आहे,” इंजिनिअरकाका म्हणाले, “दहाव्याची पोथी नव्हे.” ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बाईंना चिडवणं हा त्यांचा बैठकीला येण्याचा निम्मा हेतू होता.

“मंग मारू ने.”

ऐतिहासिक कादंबऱ्यांचीही तीच गत. एका वेढ्यावरची जाडजूड कादंबरी ग्रंथपालांनी कौतुकानं आणली होती, नवा कोरा वास असलेली. बाईंनी ती चार दिवसांत संपवली. “दागिन्यांचं वर्णन वाचून सराफाच्या दुकानात बसल्यागत झालं. नायकाला छातीत तीन बाण, तरी दोन पानं भाषण. तेवड्या दमात मी चार कॉल जोडले आसते. ते बी चालंल. पर खाली एक ओळ हाय, ‘या धुमश्चक्रीत दोनशे माणसं कामी आली.’ कोण कामी आली? येकाचं तरी नाव? सेनापतीच्या घोड्याला नाव हाय. घोड्याला!”

एवढ्यावर हे सगळं थांबलं असतं तर बाई म्हणजे एक तऱ्हेवाईक वाचक, असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण एका रविवारी दुपारी मला त्यांच्या घरी जावं लागलं. मुदत संपलेलं एक पुस्तक आणायचं होतं आणि डॉक्टरीणबाई त्यासाठी अडून बसल्या होत्या. वीज गेली होती. गल्लीतले सगळे यंत्रमाग एकदम गप्प. रोज खटखटणारी गल्ली अशी गप्प झाली की कानात पोकळी होते, जणू आपल्यालाच काहीतरी झालंय. दार उघडं, घरात कुणी नाही. वरून आवाज आला. एक्स्चेंजचा.

“सुलोचना. सुलोचना. लाईन चालू आहे. बोला.”

मी जिना चढून गच्चीवर गेले. कठड्यावर लोखंडाचं एक काळं गोल झाकण ठेवलेलं. त्यावर भात, वर वरण, कडेला भजी. बाई हात जोडून उभ्या.

“बाई, कोण गेलं?”

“सुलोचना.”

“नात्यातली?”

“न्हाय गं. येकशेचौदा पानावर गेली. नवऱ्याच्या दोस्तानं हिरीत ढकलली. आई अजून डबा भरून वाट बगतीय, आन् लेखक त्या बाईला सांगतच न्हाय. म्हनलं, आपण तरी करावं.”

मी हसणार होते. तेवढ्यात समोरच्या पत्र्यावरून कावळा उडत आला, कठड्यावर बसला, आधी बाईंकडे आणि मग माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि घास उचलला. बाई एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाल्या, “थँक यू. कट करते.” मग माझ्याकडे वळून, “चल खाली. पुस्तक देते. जेवली का तू?”

घरी येताना मी मनाशी कामं ठरवली. डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालायचं, बाईंच्या दिरांना गाठायचं, मंडळात बोलायचं नाही. यातलं एकही करावं लागलं नाही, कारण पुढच्या बैठकीत बाईंनी स्वतःच सांगून टाकलं. पुस्तकात ज्याचं धड काही केलेलं नाही, त्याला त्या आपल्या गच्चीवर घास ठेवतात. ज्याला अग्नी दिला, ज्याला कुणी रडलं, त्याला नाही. “त्येंचं झालेलं असतं. बाकीचे तसेच हिंडत बसत्यात, पानात.”

इंजिनिअरकाकांनी हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं. “आणि त्या भाषांतरातला, बर्फात मेलेला इंग्रज साहेब? त्याला काय वरणभात?”

“पाव ठेवला.”

“शिवला का कावळा?”

“पावाला कोण न्हाय म्हनतंय?”

सगळे हसलो. काकांना चेव आला. “आणि ते वेढ्यातले दोनशे? नावं तर नाहीत त्यांची!”

बाई हसत नव्हत्या. “परातभर ठेवला. नावं न्हाईत तर काय करू? ‘बाबांनो, या,’ आसं म्हनलं. लई कावळे आले. पत्रा काळा झाला. येवडे कावळे पेठेत हाइत, हेच मला ठावं नव्हतं.”

डॉक्टरीणबाईंनी उगीचच उठून खिडकी लावली.

आता त्या मास्तरांच्या पुस्तकाबद्दल. धबधब्यावरून एक मास्तर खाली ढकलला जातो, प्रेत सापडतं पण चेहरा राहिलेला नसतो, कपड्यांवरून ओळख पटते आणि शेवटच्या पानावर त्याची राख नदीत सोडतात, अशी ती कादंबरी. सगळं रीतसर झालेलं, तरी बाईंच्या मनातून जाईना. म्हणाल्या, “राख सोडली, पर सोडणारा रडला न्हाय. काहीतरी राहिलंय.” त्यांनी घास ठेवला. कावळा आला नाही. दुसऱ्या दिवशी ठेवला, कावळा आला आणि नुसता बसला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

मी हिशेबी बाई आहे. माझ्याजवळ तीन कारणं तयार होती. कावळ्याचं पोट भरलेलं असेल, भात कडक झाला असेल, नाहीतर माणसं बघून बुजला असेल. बाईंनी मुकाट्यानं त्याच भाताची आणखी एक मूद आणून झाकणाशेजारी ठेवली, दुसऱ्या कुठल्याशा पुस्तकातल्या एका मोलकरणीच्या नावानं. कावळ्यानं ती मूद आमच्यादेखत खाल्ली. मग मास्तरांच्या मुदीजवळ गेला, एका डोळ्यानं तिच्याकडे बघत राहिला आणि उडून गेला. माझ्याजवळ चौथं कारण नव्हतं.

“मेला न्हाय तो,” बाईंनी बैठकीत जाहीर केलं.

“अहो, राख झाली त्याची!” काका.

“कुणाची तरी झाली. त्येची न्हाय.”

वर्षभरानं त्या कादंबरीचा दुसरा भाग आला. पहिल्याच प्रकरणात मास्तर गोकर्णाच्या एका खानावळीत बसून मासे खात होता. ग्रंथपालांनी ते पान उघडून टेबलावर ठेवलं आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“धंदा आहे, दुसरं काय,” काका म्हणाले. “पुस्तक खपलं, म्हणून लेखकानं जिवंत केला.”

“लेखकाला उशिरा कळलं,” बाई म्हणाल्या. “कावळ्याला आदी.”

त्या दिवसापासून काका बाईंना चिडवायचे, पण कावळ्यावरून नाही.

बाईंच्या कपाळावर कुंकू असायचं, गळ्यात काळी पोत. घरात नवरा नव्हता. आम्ही कधी विचारलं नव्हतं. सोलापुरातली माणसं पुण्यामुंबईला जाऊन राहतात, सगळ्यांच्याच चौकशा करत बसलो तर कामं कधी करायची? नवऱ्याचं मला कळलं तेही एका कादंबरीमुळेच. लढाईत बेपत्ता झालेल्या एका सरदाराची बायको. मृतदेह सापडत नाही. ती कुंकू पुसायला नकार देते. वर्षं जातात आणि एक दिवस दारात एक माणूस येऊन उभा राहतो, म्हणतो, मीच तो. तो खरा की तोतया, हे शेवटच्या प्रकरणात कळतं. बाईंनी ते पुस्तक परत केलं तेव्हा शेवटच्या प्रकरणाची पानं कापलेलीच नव्हती. जुन्या पद्धतीच्या बांधणीचं पुस्तक होतं, पानांच्या कडा जोडलेल्या, वाचकानंच त्या कापायच्या असतात. बाकी सगळ्या कापलेल्या, शेवटच्या शिल्लक.

“बाई, शेवट वाचला नाहीत?”

“न्हाय.”

“मग मत काय लिहू इतिवृत्तात?”

“ल्ही की. लेखकानं त्या बाईला लई रडवलंय. खांबाला टेकून रडती, आरशात बगून रडती. वाट बगणारी बाई रडत न्हाय. तिला लई कामं असत्यात.” मग एक्स्चेंजच्या आवाजात, “तीन मिनिटं झाली.”

“वेळ वाढवून मागते,” मी म्हणाले.

इतक्या वर्षांत तसं कुणी म्हणालं नव्हतं. बाई खुर्चीत पुन्हा बसल्या. बाकीचे पांगले होते. त्यांनी सांगितलं ते असं.

त्यांचे यजमान विहिरींवरचे मोटारपंप दुरुस्त करायचे. एका सकाळी “मंद्रूपच्या बाजाराला जाऊन येतो, येका पावन्याची मोटार बगायची हाय,” म्हणून सायकलीला पिशवी अडकवून गेले. मंद्रूप काही परदेश नाही, गेलेला माणूस संध्याकाळी परत. ते आले नाहीत. सायकल बाजाराच्या कडेला झाडाला टेकवलेली सापडली, कुलूप लावलेली. पंपाची मोटार ज्याची होती त्यानं सांगितलं, “आमच्याकडं आलेच न्हाईत.” दिरांनी विहिरी बघितल्या, ओढे बघितले. काही नाही.

“त्याच हप्त्यात मी डूटीवर व्हते,” बाई म्हणाल्या. “मंद्रूपच्या लाईनवरनं कॉल आला. ‘हॅलो, सोलापूर,’ म्हनलं. कुणी बोलंना. तिकडचा ऑपरेटर म्हनला, पार्टी हाय लाईनवर, बोला. मी म्हनलं, बोला. कुणी बोलंना. पर लाईन मेलेली नव्हती गं. मला कळतं की. मेलेल्या लाईनचा आवाज येगळा. ह्येच्यात श्वास व्हता.”

“मग?”

“तीन मिनिटं झाली. वाडवून कुणी मागितली न्हाय.” त्यांनी दोन बोटांनी हवेतल्या बोर्डातून कॉलची पिन ओढून काढल्यासारखं केलं. “कट केली. नियम म्हंजे नियम. मागं दुसरे कॉल थांबल्याले.”

बाहेर रिक्षांचे आवाज चालू होते. मी विचारलं, “बाई, यजमानांच्या नावानं कधी घास ठेवलात?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फार मूर्ख आहे. “ठेवला आन् शिवला तर?”

एवढंच. मग उठून पिशवी घेतली आणि विचारलं, “नवी रहस्यकथा कुटली आलीय?”

पुढच्या उन्हाळ्यात दिरांकडे लागोपाठ अडचणी झाल्या. सून पडली, नातवाचं लग्न मोडलं. भटजींनी सांगितलं, घरातल्या बेपत्ता माणसाचं काही केलेलं नाही, ते करा. अशा माणसाची दर्भाची आकृती करतात, तिला अग्नी देतात आणि मग तेरा दिवसांचं सगळं. दीर भाऊजी विचारायला आले तेव्हा मी पुस्तकं बदलून द्यायला तिथंच होते. साधा, घाबरट माणूस. दाराशीच बसले.

“वैनी, दादाचं येकदा करून टाकू. लई वर्सं झाली.”

“करा की. मी कुटं न्हाय म्हनते? बाहुली जाळाल, मी कुंकू पुसंन. पर आदी विचारू.”

“कुणाला?”

बाईंनी वर बोट दाखवलं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकांकडे बघितलं. “मंग इचार की, वैनी. आत्ताच इचार. मी बसतो.”

बाईंनी भात लावला. शेंगदाण्याची आमटी केली, कारण ती यजमानांना आवडायची. पानात सगळं नीट मांडलं, मिठासकट, आणि मला म्हणाल्या, “तू चल वर. साक्षीला.” गच्चीवर ऊन पांढरं झालं होतं. कठड्यावरचं ते काळं झाकण त्यांनी पदरानं पुसलं. तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं की ते मोटारीच्या पंख्यावरचं झाकण आहे, दुरुस्तीला उघडलेल्या कुठल्यातरी पंपाचं, परत बसवायचं राहून गेलेलं.

कावळा आधीच येऊन बसला होता. बोलवण्याच्याही आधी. अगदी हाताच्या अंतरावर, चोच किंचित उघडी. बाईंनी पान दोन्ही हातांत धरलं. एक्स्चेंजचा आवाज लावला, “हॅलो…” आणि नाव घेतलंच नाही. उभ्या राहिल्या. खाली माग धडधडत होते आणि कठडा बारीक थरथरत होता. कावळा एक पाऊल पुढं सरकला. बाई एक पाऊल मागं आल्या. मग त्यांनी पानातला घास कालवला आणि स्वतः खाल्ला. सावकाश, सगळा, शेवटच्या शितापर्यंत. कावळा बघत होता. मी बघत होते.

खाली येऊन त्यांनी हात धुतले. “कावळा आला न्हाय, भावजी.”

“आलाच न्हाय?”

“न्हाय. ह्या व्हत्या की वर. इचारा.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. “नाही आला,” मी म्हणाले. सून नंतर बरी झाली, नातवाचंही जमलं, आणि तो विषय मागं पडला.

बाई गेल्या त्या गेल्या वर्षी चैत्रात, बाराशीला, म्हणजे द्वादशीला, दुपारी, पुस्तक वाचताना. पुस्तक छातीवर उपडं. भाऊजींच्या सुनेनं बघितलं. मी पोचले तेव्हा शेजारच्या बायकांमध्ये कुजबूज चालली होती. न्हाऊ कसं घालायचं? सवाष्ण म्हणून हिरवी साडी, हळदकुंकू, ओटी? की नाही? एक म्हातारी तेलुगू शेजारीण पदर तोंडाला लावून म्हणाली, “नवरा हाय का न्हाय, कुणाला म्हाईत?” सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं. ते म्हणाले, “तिनं कधी पुसलं न्हाय. आपण पुसणारे कोण?” हिरवी साडी नेसवली.

दहाव्या दिवशी तळ्याकाठी पिंड ठेवला. मंडळातले सगळे आले होते. कावळे होते, खूप होते. लिंबाच्या फांद्या वाकल्या होत्या. पिंडाजवळ एकही येईना. अशा वेळी गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल ते ओळखून शब्द द्यायचा असतो. भाऊजी पुढं झाले. “वैनी, घराकडं बगतो. तुळशीला पाणी घालतो.” काही नाही. ग्रंथपाल घसा साफ करून म्हणाले, “बाई, तुमच्या नावावरचं पुस्तक जमा करून घेतलंय. काळजी नको.” काही नाही. डॉक्टरीणबाईंनी नुसतेच हात जोडले. इंजिनिअरकाका बूट काढून पुढं गेले, आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, तो मास्तर. तुमचं बरोबर होतं.” एक कावळा फांदीवरून खाली उतरला, जमिनीवर दोन उड्या मारल्या आणि थांबला.

उन्हं चढत होती. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मला काय अडकलं आहे ते पहिल्यापासून माहीत होतं. बोलायचं नव्हतं, एवढंच. मी पुढं गेले आणि ओठातल्या ओठात म्हणाले, “बाई, यजमानांचा घास मी ठेवीन.”

कावळा शिवला. आणि मग बाकीचे सगळे फांद्यांवरून एकदम उतरले.

निघताना भाऊजींनी विचारलं, “ताई, तुमी काय म्हनलात?” मी सांगितलं. वाटेत बाईंच्या घरी थांबून त्यांनी गच्चीवरचं ते झाकण आणलं आणि माझ्या पिशवीत घातलं. जड आहे.

गेल्या पितृपक्षात निभावलं. बाईंना वर्ष झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा महालय करायचाच नव्हता, कुणी काही विचारलं नाही. परवा भाऊजींचा फोन आला.

“ताई, वैनीचं यंदा घालायचं. भटजी इचारत्यात, नवमीला का बाराशीला?”

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध नवमीला असतं, अविधवा नवमीला. मागं राहून गेलेलीचं तिच्या तिथीला. नवमी या बुधवारी आहे.

“तुम्हाला काय वाटतं, भाऊजी?”

“मला काय कळतंय? तुमी शबुद दिलाय न्हवं तिला. ठेवला का घास?”

“नाही अजून.”

“मंग ठेवा की, ताई. आदी कोण गेलं, तेवडं कळू द्या. मंगळवारपातुर सांगा, बामनाला सांगायचंय.”

हे एवढं सोपं काम आहे. रविवारची सुट्टी आहे, घरात मी एकटी आहे. बैठकीहून येताना मी शेंगदाणे आणले, भात लावला, आमटी केली. झाकण घासून गच्चीच्या कठड्यावर ठेवून आले. आमच्या भागात माग नाहीत, त्यामुळे दुपारी फार शांत असतं. झाकण टेकवलं तेव्हा झालेला आवाज अजून कानात आहे. कावळा झाकणाच्या आधीच तिथं बसला होता. तो शिवला, तर माझ्या ‘नाही आला’वर बाईंना हिरव्या साडीत पाठवलं ते खोटं. नाही शिवला, तर एक म्हातारा माणूस कुठंतरी अजून आहे आणि त्याचा कॉल कट झालेला आहे. काय ते नाव घेतलं की कळेल. नाव मला माहीत आहे. ते घेऊन वर जायचं, तेवढंच राहिलं आहे.

पान वाढून ओट्यावर झाकून ठेवलं आहे. मधे एकदा जिन्याच्या दारापर्यंत जाऊन आले, तो अजून आहे. बाईंबद्दल जे लिहायचं होतं तेही आता लिहून झालं. कपाटाचा वरचा खण बरेच दिवस आवरायचा आहे, तो आधी घेते.